चवथीचा तो काळा-निळा डाग

संपादक महोदय,

17 एप्रिलला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) दिन असतो तेव्हा पेपरात बातम्या येतात, पण त्या जन्मापासूनच्या हिमोफिलियाच्या. म्हातारपणी अचानक होणारा हिमोफिलिया पण असतो हे मला आईच्या आजारपणामुळे कळलं, म्हणून हे पत्र.

आईचं वय 71. चवथीच्या आधी नेवऱ्या (करंज्या) करताना तिच्या हातावर मोठा काळा-निळा डाग दिसला, आम्ही म्हटलं आदोळीवर नारळ खवताना लागलं असेल. चार दिवसांत मांडीवर दुसरा आला, हा तर तळहातापेक्षा मोठा. कुठे पडली नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही, घरात कोणाला असला आजार नाही. जवळच्या एका क्लिनिकात दुखतंय म्हणून कमरेत इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी ती जागा नारळासारखी घट्ट सुजली, आत रक्त साचलेलं. हिमोग्लोबिन 11 वरून 6.5 वर.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), रिपोर्टात प्लेटलेट नॉर्मल, पीटी नॉर्मल, फक्त एपीटीटी 84 सेकंद आणि कंट्रोल, म्हणजे चांगल्या माणसाचा, 30. (पीटी आणि एपीटीटी म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन टेस्ट.) तो आकडा जाड अक्षरात छापलेला होता. बारा दिवस ते कागद आमच्या फाईलीत आणि डॉक्टरांच्या टेबलावर फिरत होते, कोणी त्यावर बोट ठेवलं नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी मिक्सिंग टेस्ट करायला लावली. आईचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आणि चांगल्या माणसाचा प्लाझ्मा अर्धा-अर्धा मिसळून 37 डिग्रीवर दोन तास ठेवतात. नुसता फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रोटीन) कमी असेल तर गोठायचा वेळ नॉर्मलला येतो, आईचा आला नाही, कारण तिच्याच शरीराने त्यातल्या फॅक्टर 8 विरुद्ध अँटिबॉडी बनवलेली. लगेच बघितलं तर सुधारल्यासारखं वाटू शकतं आणि दोन तासांनी परत लांबतं, म्हणजे घाईत केलेली टेस्ट फसवते. बायकांना हिमोफिलिया होत नाही असं मला तीन शिकलेल्या माणसांनी सांगितलं, ते जन्मजातचं, तेसुद्धा पूर्ण खरं नाही. आईचा हा जन्मानंतर कधीतरी होणारा आजार आहे, बाईला-पुरुषाला दोघांना होतो, बाळंतपणानंतर तरुण बाईला पण.

आणि उलटी बाजू पण आहे. ल्युपस अँटिकोॲग्युलंट म्हणून एक अँटिबॉडी असते, तिच्यात एपीटीटी असाच लांबतो पण रक्त वाहत नाही, उलट गुठळ्या होतात. आकडा एकच आणि आजार अगदी विरुद्ध, म्हणून नुसता आकडा बघून औषध देण्यात अर्थ नाही. आईला आधी प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या, उपयोग शून्य, त्यातला फॅक्टर अँटिबॉडीने खाऊन टाकला. मग फॅक्टर 8 ला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं लागतात, भयंकर महाग, आणि त्यांनी गुठळी व्हायची भीती, डॉक्टरांची तारेवरची कसरतच. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, अँटिबॉडी बनणं बंद व्हावं म्हणून.

दहा लाखांत वर्षाला एक-दीड माणसाला हे होतं म्हणतात, म्हणजे 15 लाखांच्या गोव्यात हिशेबाने वर्षाला दोन. कमी आहेत म्हणून तर डॉक्टरांच्या लक्षात राहत नाही. माझी आरोग्य खात्याला एवढीच विनंती की लॅबमधून असा एकटाच लांबलेला एपीटीटी गेला तर रिपोर्टावर एक ओळ टाकायची, 'मिक्सिंग टेस्ट करा, कमरेत-दंडात इंजेक्शन नको'. म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांपासून गोमेकॉपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेज) आणि खासगी लॅबमध्ये सगळीकडे. एका रबरी शिक्क्याचं काम आहे.

आईचा एपीटीटी आता 36 आहे, स्टिरॉइडमुळे साखर वाढलीय आणि ती नेवरी मागते. ती इंजेक्शनवाली ओळ मी चिठ्ठीवर लिहून तिच्या आधार कार्डाच्या कव्हरात घालून ठेवलीय.

एक वाचक, डिचोली