गाणी वाटलीत, आता त्यांची नावंही द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या जळगाव आवृत्तीत मध्यंतरी एक बातमी फोटोसह आली होती. लुई ब्रेल जयंतीनिमित्त आमच्या भागातल्या अंध बांधवांना गाण्यांनी भरलेले पेनड्राइव्ह वाटले, त्यामुळे त्यांच्या अंधारलेल्या आयुष्यात सुरांचा प्रकाश पडला, अशा धर्तीची. भाचीने मला ती वाचून दाखवली. फोटोत मीही आहे म्हणे, डावीकडून तिसरा. वाटणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, फराळही उत्तम होता. पण पेनड्राइव्ह घरी आणून कॉम्प्युटरला लावल्यावर जे ऐकू आलं ते बातमीत नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी अमळनेरचा. जन्मापासून दिसत नाही. हार्मोनियम शिकवतो आणि आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांना साथ करतो. गाणी माझ्या करमणुकीसाठी असतातच, पण त्याआधी ती माझ्या धंद्याचा माल आहेत. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसणारी पोरं समोर असतात, प्रवेशिकेतल्या एखाद्या मुलीला भूप आणि देशकार या रागांतला फरक ऐकवायचा असतो, तेव्हा दोन्ही ध्वनिमुद्रणं मला तिथल्या तिथे सापडावी लागतात. दुकानदाराला आपला माल कुठल्या फळीवर आहे ते ठाऊक हवंच.

तर तो पेनड्राइव्ह. आत एकच फोल्डर. मी खालचा बाण दाबत गेलो आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वाचत गेला: ट्रॅक झिरो झिरो वन, ट्रॅक झिरो झिरो टू, ट्रॅक झिरो झिरो थ्री. शेवटपर्यंत हेच. अभंग, नाट्यगीतं, लावण्या, जुनी हिंदी गाणी, मधेच एक हनुमान चालिसा, सगळं एका पोत्यात. गाणं कुठलं ते कळायला ते वाजवून बघण्याशिवाय मार्ग नाही. सोबत एक रंगीत छापील पुस्तिका होती, तिच्यात कितव्या क्रमांकाला कुठलं गाणं ते दिलंय म्हणे. अंधांना द्यायच्या वस्तूची यादी छापील का, हे मी विचारत नाही. तीच यादी वर्डच्या फाइलमध्येही होती, म्हणून आशेने उघडली, तर रीडर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं बरळायला लागला. यादी जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली होती, युनिकोडमध्ये (जिथे प्रत्येक अक्षराचा सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो) नव्हे. या फाँटमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. रीडर डोळ्यांनी वाचत नाही, तो पोटातलं वाचतो. टायपिंगच्या कित्येक दुकानांत अजून त्याच फाँटवर काम चालतं आणि छापून घेणाऱ्याला त्याचा काही त्रास नसतो. त्रास फक्त आम्हाला.

डोळस मंडळी मला पहिला प्रश्न विचारतात, "तुले कसं समजस रे भाऊ?" म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. पडद्यावर जे असतं ते तो बोलतो, मराठीतही बोलतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ साली तो तयार करायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध, आणि त्यांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. विकतचे रीडर हजारो रुपयांचे असताना यांनी आपला फुकट ठेवला. माउसला मी हात लावत नाही, सगळं कीबोर्डवर. गाणी वाजवायला अजून जुना विनॲम्प वापरतो, कारण त्यात खालच्या ओळीतली झेड, एक्स, सी, व्ही, बी ही पाच बटणं ओळीने मागचं गाणं, सुरू, विराम, बंद आणि पुढचं गाणं अशी चालतात. पेटीवाल्याच्या बोटांना आणखी काय हवं? 'जे' हे इंग्रजी अक्षर दाबून नावातला एखादा शब्द टाइप केला की तेवढीच गाणी समोर येतात. पण त्यासाठी गाण्याला नाव असावं लागतं, आणि पुन्हा आपण तिथेच येतो.

डोळस माणूस यादीवरून नजर फिरवतो आणि हवं ते उचलतो. कान एकामागून एक ऐकतो, त्याला उडी मारता येत नाही. म्हणून नावात वेगळं काय आहे ते आधी यायला हवं. मोबाइलच्या दुकानात गाणी भरून आणली की प्रत्येक नावाच्या सुरुवातीला कुठल्या तरी संकेतस्थळाचा पत्ता असतो, डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू पासून सुरू होणारा, आणि गाणं सगळ्यात शेवटी. पाचशे गाण्यांची यादी असेल तर मी पाचशे वेळा ती जाहिरात ऐकायची. फोल्डरमध्ये एखादं अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या फाइलवर थेट जाता येतं, ती सोयही बुडते, कारण सगळ्यांचं पहिलं अक्षर एकच. मी माझ्या फाइलींना नाव देतो ते आधी राग, मग ताल, मग कलाकार. यमन, विलंबित एकताल, गायकाचं नाव. भजनं असतील तर आधी अभंगाचे पहिले दोन शब्द, कारण वारकरी मंडळी मला गायकाच्या नावाने मागत नाहीत.

आणि नावं देवनागरीत द्यावीत. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी नावं रीडर इंग्रजी वळणाने वाचतो. आमच्या आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, आणि आमच्या कानबाई देवीचं तो जे काही करतो ते कानबाईने ऐकलं तर ती पुढल्या श्रावणात यायची नाही. लग्नसराईत वाजणाऱ्या अहिराणी डीजे गाण्यांचं तर विचारूच नका. 'खानदेशी न्यू', 'खानदेशी न्यू न्यू', आणि मग त्याच्यापुढे कंसात एक, दोन, तीन.

फाइलचं नाव ही झाली वरची पाटी. एमपीथ्रीच्या आतही गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष लिहायला रकाने असतात, त्यांना टॅग म्हणतात. ही सोय १९९६ ची. तेव्हा फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइटांची जागा होती, त्यात गाण्याच्या नावाला तीस, आणि देवनागरीचा प्रश्नच नव्हता. नंतरच्या आवृत्तीत युनिकोड चालतं, त्यामुळे आज 'बागेश्री' असं स्वच्छ मराठीत लिहिता येतं. एमपीथ्रीटॅग नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. नावं एका साच्यात लिहिलेली असतील तर पन्नास फाइली एकदम निवडून त्यांचे टॅग तो नावांवरून भरून देतो, किंवा उलट टॅगवरून नावं तयार करतो. हे काम मी एकटा बसून करतो. त्या पेनड्राइव्हवरची गाणीही ऐकून ऐकून मी बरीचशी ओळखली आणि नावं घालत आणली आहेत. ती यादी वाटणाऱ्या संस्थेने खुशाल न्यावी. पण पुढच्या वेळी रिकामा पेनड्राइव्ह दिलात तरी मला चालेल.

जुन्या कॅसेटींचं सांगायलाच हवं. आमच्या आईने आणि गल्लीतल्या बायांनी म्हटलेली गाणी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलेली होती. आखाजीची गौराईची, झोक्यावरची, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रात्रभर चालतात ती. फिती ताणल्या जात होत्या. टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून मी त्या ऑडॅसिटीत उतरवल्या. हाही प्रोग्रॅम फुकट. आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, स्पेस दाबली की बंद. नंतर कॅसेटची अख्खी बाजू ऐकत बसायचं, नवं गाणं सुरू झालं की कंट्रोल धरून एम दाबायचं आणि तिथे गाण्याचे पहिले शब्द टाइप करायचे. शेवटी त्या खुणांवरून फाइली वेगळ्या काढायला सांगितलं की प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल होते आणि खुणेवर लिहिलेलं तेच तिचं नाव. यात पडद्याकडे बघण्यासारखं काहीच नाही. मला तर वाटतं, एक गाणं संपून दुसरं कुठे सुरू झालं हे कानाला जास्त चांगलं कळतं. मागे कुणी खोकलं, कुठे पाळणा कुरकुरला, तेही मी ठेवलं. कलाकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहून मोकळं व्हायला मन होईना, म्हणून आवाज ओळखून बायांची नावं लिहिली. जी ओळखू आली नाहीत ती आईला विचारली.

खानदेशात आता बरेच तरुण अहिराणी गाणी, ओव्या, वहीगायन (आमच्याकडचा लोकगायनाचा प्रकार) मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतात. चांगलं काम आहे. त्यांना एवढंच सांगणं की घरी आल्यावर त्याच रात्री नाव घाला: गाणारी कोण, गाव कुठलं, प्रसंग कुठला, आणि हे सगळं युनिकोड देवनागरीत. फक्त तारीख आणि आकडे असलेल्या फाइली दहा वर्षांनी तुम्हा डोळसांनाही सापडणार नाहीत.

काही जण म्हणतात, आता फाइली कोण सांभाळतो, ॲपवर सगळं मिळतं. मिळतं, पण बटणांना नावं दिलेली असतील तर. ज्या ॲपवर मी पैसे भरून गाणी ऐकत होतो, त्याची नवी आवृत्ती आली आणि फोन 'बटन, बटन, बटन' एवढंच म्हणू लागला. आवडती यादी कुठली, काढून टाका कुठलं, काही समजेना. बटणाला नाव देणं हे बनवणाऱ्यासाठी एका ओळीचं काम असतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर आम्हाला वापरता येईल अशा रूपात असावा असं लिहिलेलं आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण बँकेच्या केवायसीचं होतं, गाण्यांचं नव्हतं. पण ज्याला बटण सापडत नाही त्याची अडचण दोन्हीकडे सारखीच. शिवाय आमच्याकडे खेड्यात रेंज जाते, वीज जाते. आपल्या डिस्कवरचं गाणं कुठे जात नाही.

पेनड्राइव्हवर खर्च करणाऱ्यांनी तोच पैसा वर्षातून दोनदा चार दिवसांच्या शिबिरावर केला तर जास्त बरं होईल. तालुक्याच्या संगणक क्लासमध्ये अंध मुलगा गेला की शिकवणारे गोंधळतात, कारण त्यांना माउसशिवाय शिकवायची सवय नसते. एनव्हीडीए कसा घालायचा, फाइलला नाव कसं द्यायचं, देवनागरी कसं टाइप करायचं, एवढं आलं तरी ते पोर बाकीचं स्वतः शोधतं. शिकवायला कुणी मिळत नसेल तर मी येईन, पाचोरा-भुसावळपर्यंत रेल्वेने एकटा फिरतो. ज्यांनी गांधर्व महाविद्यालय उभं केलं त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली होती. त्यांनी गाणं लिहून ठेवण्याची स्वतःची लिपी बनवली. त्यांना कुणी भरलेला पेनड्राइव्ह देऊन घरी पाठवलं नाही हे आपलं नशीब.

शेवटी आपल्याबद्दल. आपला ई-पेपर म्हणजे पानाचं चित्र असतं. त्यातलं एक अक्षरही माझा रीडर वाचू शकत नाही, म्हणून मला भाचीच्या सवडीची वाट बघावी लागते आणि ती फक्त मथळे वाचते. बातम्यांचा मजकूर संकेतस्थळावर साध्या युनिकोडमध्ये टाकता आला तर फार बरं होईल. निदान हे पत्र छापलंत तर तसं टाका, म्हणजे चोपडा, शिरपूर, शहाद्याकडच्या ज्या मंडळींना तसेच पेनड्राइव्ह मिळाले असतील त्यांना ते स्वतः वाचता येईल.

आपला,
एक हार्मोनियमवादक, अमळनेर
(नाव व पत्ता संपादकांकडे)