सुरणाच्या फुलासाठी रदबदली

पुणे, २६ मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून राहिलेलं सविस्तर लिहितोय. विहिरीमागे उंदीर मेला असेल असं समजून तुम्ही सगळं परसदार पालथं घातलंत आणि शेवटी दुर्गंध निघाला सुरणाच्या फुलाचा. वहिनी म्हणतात, उपटून टाका. हे पत्र पोचेपर्यंत त्या फुलाचा वास गेलेलाही असेल. पण शेजारी दुसरी कळी वर आलीय म्हणालास, तिच्यासाठी ही रदबदली.

सुरण आपण खणून काढतो, त्यामुळे त्याचं फूल फारसं कुणाच्या दृष्टीला पडत नाही. कंद काही वर्षं जमिनीत राहून चांगला पोसला, की पावसाच्या तोंडावर पानाच्या आधी फूल येतं. काकूंनी लावलेला तो जुना कंद असणार.

आता जरा वाकून बघ, नाकाला रुमाल लावून का होईना. ते एक फूल नाही. जांभळट झालरीच्या आत जाड दांडा आहे, त्याच्या तळाशी बारीक बारीक मादीफुलं खच्चून बसलेली, त्यांच्यावर नरफुलांचा पट्टा आणि सगळ्यात वर तो सुरकुतलेला, मेंदूसारखा गोळा. वास येतो तो त्या गोळ्यातून. फुललेल्या वेळी दांडा स्वतःच तापतो आणि त्या उबेने वास हवेत लांबवर पसरतो. सडक्या मांसावर जगणारे, तिथे अंडी घालणारे भुंगेरे आणि माश्या त्या वासावर धावत येतात. मांस काही मिळत नाही, पण तोवर फुलाचं काम झालेलं असतं.

खरी गंमत वेळेची आहे. आधी मादीफुलं तयार होतात आणि दुर्गंध सुटतो तो तेव्हाच. पराग गळायला लागतो त्यानंतर, साधारण दुसऱ्या दिवशी, आणि तोवर त्याच दांड्यावरच्या मादीफुलांची वेळ टळलेली असते. म्हणजे बाहेर पडणाऱ्या भुंगेऱ्याच्या अंगावरचा पराग उपयोगी पडायचा, तर जवळपास दुसरं फूल नेमकं तेव्हाच उमलायला हवं. तुझ्याकडे एकापाठोपाठ दोन आली आहेत रे! असा योग सोडू नकोस.

सुमात्रातला याचा महाकाय भाऊबंद बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ साली जगापुढे आणला आणि १८८९ मध्ये तो लंडनच्या क्यू उद्यानात फुलला. त्याच्या दुर्गंधात गंधकाची जी संयुगं असतात, ती कुजणाऱ्या मांसातही सापडतात. आजही कुठल्या उद्यानात तो फुलला, की लोक रांगा लावून वास घ्यायला जातात. आपल्या परसातल्या सुरणाला तेवढा मान का मिळू नये?

अंगणातली रातराणी दिवसा गप्प असते आणि अंधार पडला की दरवळते, ती निशाचर पतंगांसाठी. आपल्याला तो वास आवडतो हा योगायोग, आणि सुरणाचा आवडत नाही हाही योगायोगच. दोन्ही हाका आपल्यासाठी नाहीतच. शिवाय तू आंबेवाला माणूस. मोहोरावर मधमाश्यांइतकंच माश्यांचंही काम असतं. उत्तर ऑस्ट्रेलियातले काही बागायतदार तर मोहोराच्या दिवसांत बागेत मुद्दाम मेलेले मासे ठेवतात, माश्या याव्यात म्हणून. तेव्हा घाणीवर येणारे किडे म्हणून त्यांना हिणवू नकोस, आणि मोहोर फुललेला असताना फवारणीला हात आखडता घे.

हे सगळं कळवळून लिहितोय, कारण शहरातल्या हवेत फुलांची हाक पोचेनाशी झाली आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एका रात्रफुलाबद्दल दाखवून दिलं, की वाहनांच्या धुरातून हवेत तयार होणारे काही घटक रात्री सुगंधातले महत्त्वाचे अंशच मोडून टाकतात. अशा विस्कटलेल्या वासाच्या फुलांकडे येणारे पतंग सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले. तुमच्याकडे हवा अजून स्वच्छ आहे, तिथे तरी ही हाक चालू राहू दे.

दुसरं फूल उमललं, की संध्याकाळी बॅटरी घेऊन तळाशी कोण कोण शिरलंय ते पाहा आणि फोटो पाठव. फळं धरली तर दांड्यावर लालभडक दाण्यांचं कणीस दिसेल. ते पक्ष्यांसाठी ठेव. वहिनींना सांग, दोन दिवस मागची खिडकी लावून घ्या, एवढंच.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक