मिनर्व्हच्या आत्यांना

ती. आत्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. फ्रेंचमध्ये पाठवलेल्या चार ओळी मला अपुऱ्या वाटत राहिल्या. शिवाय तुम्ही काय केलंत ते आमच्या निफाडकडच्या लोकांनाही कळायला हवं. टुलूझमधली माझी मैत्रीण तुम्हाला हे वाचून, समजावून सांगेल. अण्णांनी पहिल्या अर्ध्या तासातच तुम्हाला 'ताई' म्हणायला सुरुवात केली. वडिलांची ताई म्हणजे माझी आत्या, म्हणून हा मायना.

ऑगस्टच्या त्या दुपारी आम्ही दक्षिण फ्रान्समधल्या ओलोंझाकहून तुमच्या मिनर्व्ह गावाच्या रस्त्याला पायी लागलो होतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, सावली कुठेच नाही, आणि अण्णांचा पाय मुरगळलेला. तीन गाड्या निघून गेल्या. चौथी तुमची. तुम्ही आधी पाण्याची बाटली पुढे केलीत, मग दार उघडलंत. कोण, कुठले, काही विचारलं नाहीत.

आम्हाला गावात सोडून तुम्ही परत जाऊ शकला असता. त्याऐवजी अण्णांना हाताला धरून पुलावरून पलीकडे नेलंत, वरून सेस नदीचं कोरडं पात्र आणि खडक कोरत नदीने स्वतःच केलेला बोगदा दाखवलात. 1210 साली पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धाचा सेनानी सिमों द माँफोर याच्या सैन्याने या गावाला वेढा घातला, दरीपलीकडून दगडफेकी यंत्राने मारा करून विहिरीची वाट उद्ध्वस्त केली. त्या यंत्राचं नाव 'वाईट शेजारीण' होतं हे तुम्ही सांगितलंत. भर उन्हाळ्यात गाव पाण्यावाचून शरण आलं आणि आपला पंथ सोडायला नकार देणारे सुमारे 140 कॅथर, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाचे लोक, जिवंत जाळले गेले. चर्चजवळच्या त्या शिळेत कबुतराच्या आकाराचं आरपार भोक आहे. तिथे तुम्ही गप्प उभ्या राहिलात. अण्णांनी टोपी काढली. विहीर आटलेलं गाव त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते तुमच्या बागेतल्या दोन तासांचे. मागच्या हंगामात ऐन काढणीला गारपीट झाली, तेव्हापासून अण्णा द्राक्षाचं नावही काढत नव्हते. माझ्याकडे महिनाभर राहायला या, म्हणून मीच त्यांना ओढून आणलं होतं. तुमचा जुना कारिन्यां, ही तुमच्याकडची वाइनच्या द्राक्षाची जात, बघितला आणि ते थेट ओळीत शिरले. ना मांडव, ना तार. गुडघ्याएवढा खुंट आणि वर हातांसारख्या पसरलेल्या पाच-सहा फांद्या. त्यांनी कात्री चालवल्यासारखी बोटं हलवून 'किती वेळा?' विचारलं. तुम्ही एक बोट दाखवलंत, हिवाळ्यातलं. त्यांनी दोन दाखवली. तुमचा विश्वासच बसेना. मग माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमधून अण्णा सांगत गेले, की आमच्याकडे वेल तुमच्यासारखी थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तेव्हा कुठे घड निघतो.

मग तुम्ही वाकून बुंध्याची माती उकरलीत आणि कलमाचा सांधा दाखवलात. वर फ्रेंच वेल, खाली अमेरिकन मूळ. फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने तिथल्या बागा संपवल्या, 1868 मध्ये माँपेलियेच्या प्लांशों यांनी मुळांवरचा तो कीटक ओळखला आणि पुढे अमेरिकन खुंटावर कलमं करूनच द्राक्ष वाचलं. अण्णा लगेच म्हणाले, 'आपला डॉगरिज!' डॉगरिज हा आमच्याकडचा कलमाचा खुंट; आम्ही तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून लावतो, पण मूळचा तोही टेक्सासचा. तुम्ही दोघं त्या सांध्यावर हात ठेवून बसला होतात. इतक्या महिन्यांनी मी अण्णांना हसताना बघितलं.

स्वयंपाकघरातला 1907 चा तो फोटोही त्यांच्या मनातून जात नाही. साखर घालून केलेल्या खोट्या वाइनने आणि पडलेल्या भावाने चिडून, आर्जलिएचा द्राक्ष बागायतदारांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर याच्या मागे लाखो माणसं माँपेलियेत जमली, आणि त्या गर्दीत तुमचे आजोबा. 'भाव पडला' हे मला भाषांतर करून सांगावंच लागलं नाही. अण्णांनी तळहात हवेत खाली नेला, तुम्ही मान हलवलीत.

संध्याकाळी ओंप्सला कालव्याकाठी सोडताना तुम्ही रोगाने तोडलेल्या प्लेन झाडांचे बुंधे दाखवलेत आणि अण्णांच्या हातात तुमची जुनी छाटणीची कात्री दिलीत. ती त्यांनी विमानात सामानात टाकण्याआधी तीनदा कापडात गुंडाळली.

यंदाची गोडी छाटणी त्यांनी त्याच कात्रीने सुरू केली. विहिरीशेजारी एक वेल मांडवावर न चढवता तुमच्यासारखी बुटकी ठेवलीय. येणारा-जाणारा विचारतो, 'अण्णा, हिला तार विसरलात का?' ते सांगतात, 'ताईची आहे.' काल तिला पाच डोळे फुटले. फोटो सोबत पाठवतेय.

तुमची भाची