शंभरांत एकालाच का?

निपाणी

चि. अनघा हिस अनेक आशीर्वाद.

बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, धुळीत शंभर माणसे राबतात, मग फुप्फुसात ग्रॅन्युलोमा (प्रतिकारपेशी एकवटून झालेली बारीक गाठ) एखाद्यालाच का होतो, हा तुझा प्रश्न आपल्या चिकोडी-रायबाग पट्ट्यात पुस्तकी राहत नाही. पावसात भिजून कुबट झालेली गंजी फोडली की आतून पांढुरकी भुकटी उठते आणि तोंडाला टॉवेल गुंडाळलेला गडीही खोकू लागतो. त्यातून होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात, हे तुला ठाऊक आहेच.

रोगप्रतिकाराची आठवण म्हटले की आपण टी आणि बी पेशींपाशी, म्हणजे एकेका जंतूला ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींपाशी, थांबतो. मात्र मोनोसाइट (रक्तातल्या) आणि मॅक्रोफेज (ऊतींतल्या, जंतू गिळणाऱ्या) या जन्मजात प्रतिकाराच्या पेशींवरही जुन्या संपर्काचा ठसा राहतो, आणि मिहाई नेतेआ व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याला ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ हे नाव दिले. बीसीजी लस किंवा बुरशीच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकन यांमुळे हिस्टोनवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) रासायनिक खुणा बदलतात, पेशी ग्लुकोज वेगाने वापरू लागते आणि पुढे एखादा निराळाच जंतू आला तरी अधिक जोराने उसळते. रक्तातला मोनोसाइट थोडेच दिवस जगतो. तरीही ठसा महिनोन्‌महिने टिकतो, कारण तो अस्थिमज्जेतील मूळ पेशींवरही उमटतो.

मला सर्वांत बोलका वाटतो तो एमटॉर हा पेशीतला संदेशमार्ग. बीटा-ग्लुकनचे प्रशिक्षण त्याच्याच मार्फत होते. आणि २०१७ च्या एका अभ्यासात उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये हा मार्ग सतत चालू ठेवला, तेव्हा कोणताही जंतू न टोचता ग्रॅन्युलोमा तयार झाले. सार्कॉइडोसिस (असेच ग्रॅन्युलोमा होणारा एक आजार) बळावत गेलेल्या रुग्णांच्या ऊतींतही तो मार्ग जागा आढळला. माणसात हा दुवा अजून सिद्ध झालेला नाही, शिवाय टी पेशींचा आणि आनुवंशिकतेचा वाटा आहेच; तरी शंभरांतला तो एक जण आधीच चेतवलेल्या पेशी घेऊन गंजीपाशी आला असावा, ही शंका मला रास्त वाटते.

म्हणून रुग्णाला आजचे काम विचारून थांबू नकोस. मागच्या हंगामात तो कुठे होता, घरात ओल किंवा कुजका कडबा आहे का, पूर्वी क्षयाची औषधे घेतली होती का, हेही विचार, विशेषतः स्टेरॉइड सुरू करण्याआधी. अथणीकडच्या रुग्णांशी कन्नडमध्येच बोल, तुझे कन्नड माझ्यापेक्षा बरे आहे.

तुझे
बाबा