ओव्हरलुकच्या मनोऱ्यावर जाण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारीअखेर

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबांनी विचारलं होतं, मार्चात इकडे आल्यावर दिवसाभरात एखादा डोंगर होईल का, आणि माथ्यावर नुसता देखावा नको, काहीतरी जुनं हवं. होईल. न्यूयॉर्क राज्यात, कॅट्सकिलच्या रांगेतला ओव्हरलुक. माथ्यावर वणव्याची टेहळणी करायचा पोलादी मनोरा आहे आणि वाटेत एका हॉटेलचे भग्न अवशेष. पण मार्च हा इथल्या डोंगरांचा सगळ्यात फसवा महिना. पायथ्याला चिखल, मध्यावर बर्फाची फरशी, माथ्यावर हिम, आणि तिन्हीशी वागायची रीत वेगळी. म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहितोय. बॅगा भरण्याआधी दोघांनीही वाचा.

आधी मापं. ओव्हरलुकची उंची ३,१४० फूट, म्हणजे साधारण ९५७ मीटर. आपला सिंहगडसुद्धा त्याहून उंच. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, त्यामुळे पायी चढायचे ते १,४०० फूट. एका बाजूने अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. आतकरवाडीकडून सिंहगड चढण्यापेक्षा चढ कमी, अंतर जास्त. उन्हाळ्यात जाऊन-येऊन तीन तास पुरतात, मार्चमध्ये साडेचार धरा. वाट म्हणजे त्या जुन्या हॉटेलचा बग्गीरस्ता आहे. खडीचा, जीप जाईल इतका रुंद, आणि पहिल्या पावलापासून एकसारखा चढणारा. कंटाळवाणा आहे, हे आधीच कबूल करतो. पण या दिवसांत अरुंद मातीच्या पायवाटांचा पार लगदा होतो आणि खडीचा रस्ता तग धरतो. न्यूयॉर्क राज्यातच उत्तरेला ॲडिरॉन्डॅकचे डोंगर आहेत, तिथे तर वसंतातल्या चिखलात २,५०० फुटांच्या वरच्या वाटांवर जाऊ नका असं सरकारच सांगतं. म्हणून ओव्हरलुक.

आता चिखल. बाबा, तुम्हाला पावसाळ्यातल्या राजमाचीचा चिखल पाठ आहे, पण हा वेगळा. हिवाळाभर इथली जमीन खोलवर गोठलेली असते. मार्चच्या उन्हाने वरची चार बोटं माती सुटते, खालचा थर दगडच राहतो. वितळलेल्या पाण्याला मुरायला जागा नाही, म्हणून वरची माती पाणी जास्त झालेल्या कणकेसारखी होते. पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि खाली गोठलेल्या थराला टेकून सर्रकन घसरतो. पावसाळ्यातल्या चिखलात पाय रुततो, इथे रुतून वर घसरतोही. रात्री पारा शून्याखाली गेला की हीच कणीक कडक होते आणि सकाळी आठला तिच्यावरून अंगणातून चालावं तसं जाता येतं. अकरानंतर पुन्हा पातळ. तेव्हा पहाटे पाचला घरातून निघायचं, साडेसातला पायथा, दुपारी साडेबाराच्या आत खाली. आदल्या रात्री पारा शून्याच्या वरच राहिला असेल तर बेत रद्द, कितीही ऊन पडलेलं दिसो.

आणि एक सवय मोडायची आहे. चिखल दिसला की आपण कडेने, गवतावरून जातो. इथे मधूनच जायचं, बूट भरले तरी. कडेची माती तितकीच भिजलेली असते, आणि प्रत्येकाने दोन पावलं बाजूला टाकली की दोन-तीन वर्षांत वाट दुप्पट रुंद होते आणि कडेची रोपं मरतात. आई, नवे बूट घालायचेच नाहीत, म्हणजे जीवही तुटणार नाही.

पहिला मैलभर हे चालतं, मग सावलीचा पट्टा लागतो आणि खरा धोका तिथे आहे. हिवाळाभर लोकांच्या पायांनी हिम दाबून दाबून रस्त्यावर टणक थर बसतो. दिवसा वरून वितळतो, रात्री गोठतो, असं करत त्याची काच होते. शिवाय पाणी बाजूला काढायला रस्त्यावर ठिकठिकाणी आडव्या चरी मारल्या आहेत. त्या पानांनी बुजल्या की पाणी रस्त्यावरूनच वाहतं आणि तिथे पारदर्शक बर्फ धरतो. खालची खडी स्वच्छ दिसते, वर दोन सुकी पानं पडलेली असतात, आणि माणूस कोरडी जागा समजून नेमका तिथेच पाय टाकतो. ट्रेकचे बूट कितीही भारी असोत, या बर्फावर रबर धरत नाही.

त्यासाठी मायक्रोस्पाइक्स. जाड रबराचं एक कडं, त्याला खाली स्टीलच्या साखळ्या, आणि साखळ्यांना सेंटिमीटरभर लांबीचे अणकुचीदार दाते. कडं बुटाच्या चवड्यावर आधी चढवायचं, मग टाचेमागून जोर लावून वर ओढायचं. साखळी तळव्याच्या मधोमध बसली आहे ना ते पाय उचलून बघायचं. एका बाजूला सरकलेली असेल तर ती उतरताना निघते, आणि निघते ती नेहमी वाईट जागी. बूट मऊ तळव्याचा असेल तर कडं त्याला दुमडतं आणि दाते वाकडे टेकतात, म्हणून कडक तळव्याचा बूटच हवा. घसरायला लागल्यावर चढवू असं म्हणायचं नाही. पहिला बर्फ दिसला की सपाट जागा बघून, बसून चढवायचे. ऊन चढलं की ओलं हिम दात्यांमध्ये चिकटून तळव्याखाली लाडू वळला जातो आणि दाते जमिनीला टेकतच नाहीत. दर पंधरा-वीस पावलांनी काठीने बुटाच्या कडेला टोला द्यायचा, तो गोळा पडतो.

बाबा, उतरताना टाच रोवायची सह्याद्रीतली सवय इथे विसरायची. टाच रोवली तर मागचे दोनच दाते टेकतात आणि पाय पुढे निघून जातो. गुडघे किंचित वाकवून, आखूड पावलं टाकत, अख्खा तळवा एकदम सपाट टेकवायचा. काठ्या उतरताना सात-आठ सेंटिमीटर लांब करायच्या. लोक पडतात ते चढताना क्वचितच. परतीला, पाय दमलेले आणि मन गाडीपाशी पोचलेलं, तेव्हा पडतात.

दोन मैलांच्या आसपास झाडीतून एकदम राखाडी भिंती उभ्या राहतात. हेच ते हॉटेल. पहिलं १८७१ मध्ये उघडलं, १८७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट येऊन राहून गेले, १८७५ मध्ये जळालं. पुन्हा बांधलं, १९२०च्या दशकात तेही जळालं. तिसऱ्यांदा काँक्रीटचं बांधायला घेतलं आणि ते पुरं झालंच नाही. खिडक्यांच्या चौकटींतून आरपार आकाश दिसतं, आत झाडं वाढली आहेत. फोटो बाहेरून काढायचे. मार्चमध्ये भिंतींच्या माथ्यावर बर्फाचे सुळे लोंबत असतात आणि ऊन लागलं की आवाज न करता सुटतात. आत डबा उघडून बसायला मोह होतो, वारा लागत नाही म्हणून. बसायचं नाही.

तिथून मनोऱ्यापर्यंत शेवटचा अर्धा मैल, हिमाचा. मधोमध पायांनी दाबलेला हातभर रुंद कणा असतो आणि दोन्ही बाजूंचं हिम आतून पोकळ झालेलं. कण्यावरून चालायचं. समोरून कोणी आलं आणि सभ्यपणाने बाजूला झालात, की मांडीपर्यंत पाय आत. पाय तसाच उपसून काढायला गेलं तर गुडघा पिरगळतो. बसायचं, हाताने हिम उकरून पाय मोकळा करायचा. पाऊल वारंवार पोटरीपर्यंत जायला लागलं तर हिमावरून चालायच्या रुंद चौकटी, म्हणजे स्नोशूज, लागतात. या रस्त्यावर वर्दळ असल्याने ती वेळ ताज्या हिमानंतरच येते, आणि तसं झालं तर आपण सरळ दुसरा दिवस धरू.

मनोरा साठ फुटी, पोलादी. १९०३ आणि १९०८ सालच्या मोठ्या वणव्यांनी न्यूयॉर्कची जंगलं होरपळली. कोळशाच्या इंजिनांच्या ठिणग्या हे त्यातलं मोठं कारण. १९०९ पासून सरकारने शिखरांवर टेहळणीची ठाणी उभारली. पोलादी मनोरे पुरवले शिकागोच्या एअरमोटर कंपनीने. ती मुळात पवनचक्क्या बनवणारी, त्यामुळे वरची पाती काढून तिथे खोली बसवल्यासारखाच तो सांगाडा दिसतो. ओव्हरलुकचा मनोरा आधी किंग्स्टनजवळच्या गॅलिस हिलवर होता. १९५० मध्ये सुटा करून इथे आणून जोडला. वरच्या खोलीत गोल नकाशा आणि त्यावर फिरणारी, नेम धरायच्या खुणा असलेली पट्टी. धूर दिसला की पट्टी त्या दिशेला लावून कोन वाचायचा आणि फोनवर कळवायचा. दुसऱ्या मनोऱ्यावरचा माणूस त्याचा कोन कळवतो, नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे आग. गडावरच्या टेहळणीच्या बुरुजाला भूमितीची जोड दिली, एवढाच फरक. १९८८ मध्ये इथली टेहळणी बंद झाली आणि १९९९ मध्ये डागडुजी करून मनोरा लोकांसाठी उघडला.

हिवाळ्यात वरची खोली कुलूपबंद असते. तिच्या खालच्या टप्प्यापर्यंत जिना चढता येतो, आणि दिसायचं ते सगळं तिथूनही दिसतं. पूर्वेला हडसन नदीचं खोरं, नैर्ऋत्येला अशोकान जलाशय. न्यूयॉर्क शहराच्या नळाला येणारं बरंचसं पाणी तिथलं. १९०७ पासून बांधताना खोऱ्यातली गावं उठवली, म्हणजे आपल्या मुळशीचीच गोष्ट. जिना चढताना दाते काढायचे, ते पायऱ्यांच्या कडांत अडकतात. पायऱ्यांवरच बर्फ धरलेला असेल, किंवा वाऱ्याने बोलणं ऐकू येईनासं झालं असेल, तर खालूनच नमस्कार. मनोऱ्याच्या खाली एका बाजूला खडकाची कड आहे, ती हिमाने झाकलेली असली की कुठे संपते ते कळत नाही. तिकडे फिरकायचं नाही. तिथल्या खडकांतले रॅटलस्नेक मात्र मार्चमध्ये बिळात निजलेले असतात, तेव्हा आईने त्यांची काळजी सोडून द्यावी.

कपडे. आई, सुती काहीही नको. सलवार नाही, बनियन नाही, मोजे तर नाहीतच. सूत घाम आणि हिमाचं पाणी पिऊन घेतं, वाळत नाही, आणि ओलं कापड अंगाची ऊब ओढून नेतं. उणे दहाच्या कोरड्या थंडीपेक्षा दोन-तीन अंशांतला ओला दिवस जास्त बाधतो, हे पटायला जरा वेळ लागतो. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. ही तिन्ही इथे आहेत, तिकडून जाडजूड कोट विकत आणू नका. पायथ्याला थोडी थंडी वाजत असतानाच चालायला लागायचं, दहा मिनिटांत अंग तापतं. तिथेच सगळं घालून निघालं तर घामाने भिजतो आणि माथ्यावर, जिथे तीनेक अंश कमी आणि वर वारा, तिथे कुडकुडतो. तिकडून एक गोष्ट मात्र नक्की आणा: माकडटोपी. इथे तिचं नाव बालाक्लाव्हा आहे आणि किंमत ऐकून तुम्ही हसाल.

कोणी अडखळत बोलायला लागलं, चेन लावता येईना, चिडचिड करू लागलं, तर ते थकवा समजू नका. थंडी आत शिरल्याचं ते लक्षण आहे. कोरडे कपडे, गरम गोड चहा, आणि लगेच खाली.

डब्याचंही तंत्र आहे. तुपातले लाडू थंडीत दगड होतात, खजूर चिवट होतो. दशमी, धपाटे, गुळपोळी चालते. शेंगदाण्याची चिक्की उत्तम, ती आधीच जेवढी कडक असते तेवढीच राहते. पाणी माणशी दीड लिटर, बाटली पिशवीत उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो आणि उलटी ठेवली की तोंड मोकळं राहतं. चहा थर्मासमध्ये. मोबाइल आतल्या खिशात, नाहीतर गारठून बॅटरी बसते.

परत आल्यावर गोचीड बघायची. पारा चार-पाच अंशांवर गेला की इथली हरणांची गोचीड मार्चमध्येही जागी असते आणि तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. फिकट रंगाची पँट, टोक मोज्यात खोचलेलं. गाडीत बसण्याआधी गुडघ्यामागे, कमरेला, मानेवर हात फिरवून पाहायचं. लहानशी असते, तिळाएवढी. वाटेच्या पायथ्यासमोर तिबेटी बौद्धांचा मठ आहे, तिथे चिखलाचे बूट काढून टेकता येईल. गाडीत कोरडे मोजे आणि जुन्या गोणपाटाचे दोन तुकडे ठेवतो.

आता माझं काम. दाते मापाचे मागवायचे आहेत, म्हणून दोघांच्याही बुटांच्या जिभेवर लिहिलेला युरोपियन नंबर कळवा, आपला बाटाचा नको. बाबा, गुडघ्याचा पट्टा विसरू नका आणि तुमच्या त्या बुटांचा तळवा हाताने वाकवून बघा. सहज वाकला तर ते फिरायला आणा, डोंगराचे इथे घेऊ.

तुमचा,
धाकटा