अण्णा आणि भोंगा

प्रिय सुमे,

तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही, घाल शिव्या. तब्येती ठीक, माझा गुडघा आहे तसाच.

पत्राचं कारण आमचे वडील, अण्णा. परवा टोर्नेडोच्या वादळाचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि हा माणूस मोबाईल उगारून काचेच्या दाराशी! "दिसू तर दे, मग आत जाऊ." आठवतंय ना, पूर बघायला आपल्या दोघींना पुलावर नेणारे हेच. तेव्हा तू "माझे बाबा शहाणे आहेत" म्हणालीस आणि आपली कट्टी झाली. बरोबरच बोलली होतीस, पण तेव्हा कोण मानणार?

आमच्याकडे तळघर नाही. मग खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध, बिनखिडकीची जागा म्हणजे जिन्याखालची कोठडी. तिथे ओढून नेलं तर म्हणे आधी खिडक्या उघडा, नाहीतर हवेच्या दाबाने घर फुटेल. अगं, हा जुना गैरसमज आहे! उलट आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो, शिवाय वेळ जातो तो वेगळाच. आणि माणसं जास्त करून मरतात ती उडत्या काचा-फळ्यांनी. हेल्मेट दिलं तर, "जन्मात स्कूटरवर घातलं नाही, कोठडीत घालू?" शेवटी घातलं, पण उलटं. पायात बूटही मीच चढवले, नंतर काचांवरून चालायची वेळ आली तर? गादी डोक्यावर घेऊन दर मिनिटाला "झालं का?"

वादळ बाजूने गेलं. माझ्या डोक्यातून मात्र मिसुरी राज्यातलं जॉप्लिन शहर जात नाही. मे २०११ मध्ये तिथे टोर्नेडोत दीडशेच्या वर माणसं गेली. पुढे चौकशीत निघालं, पहिला भोंगा ऐकूनही बरेच जण हललेच नव्हते, आणखी खात्री व्हायची वाट बघत होते. अगदी अण्णाच! त्यात भोंगा असतो बाहेरच्यांसाठी, घरात झोपलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही. हवामानाचे इशारे देणारा, बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ आणलाय, तर हे त्याचा आवाज बंद करतात, "सारखा कोकलतो" म्हणून. मी कामावर असताना काय करायचं, सांग.

माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. शनिवारी फोन कर. घाबरवू नकोस, त्याने ते जास्तच चेकाळतात. "वॉर्निंग आली की कोठडीत बसून मला फोन करा" एवढंच सांग. तुझ्याशी गप्पा मारायच्या लोभाने तरी बसतील.

चिन्मयचं ठरलं म्हणे? मुलीचा फोटो धाड. आणि फोन दुपारी चारनंतर कर, त्याआधी उठवलंस तर तुझंही ऐकायचे नाहीत.

तुझी,
नंदा