शाळेच्या छतावर सौर संच हवा, पण नेट मीटरसह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळांवर सौर पॅनेल बसवावेत, अशी मागणी गावोगावच्या ग्रामसभांतून होत असते. मराठवाड्यातील एका तीन शिक्षकी शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो असून या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र संच कोणत्या पद्धतीचा बसवायचा, हा प्रश्न खरेदीच्या घाईत मागे पडतो, म्हणून हे पत्र.

आमच्या शाळेला पूर्वी बॅटरीवर चालणारा एक सौर संच मिळाला होता. सुरुवातीची काही वर्षे त्यावर टीव्ही आणि दोन पंखे उत्तम चालले. पुढे मे महिन्याच्या सुट्टीत बॅटरीकडे कोणी पाहिले नाही, त्यातले पाणी आटले आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढलेला होता. नवी बॅटरी घ्यायला अनुदानाचे शीर्षच नव्हते. पॅनेल आजही छतावर आहेत आणि बॅटरीचे खोके पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत पडून आहे.

या प्रकाराचे मूळ शाळेच्या वेळापत्रकात आहे. आपल्याकडे सर्वांत कडक ऊन एप्रिल-मे महिन्यांत पडते आणि नेमकी तेव्हाच शाळा अर्धा दिवस किंवा पूर्ण बंद असते. जून-जुलैमध्ये वर्ग भरतात तेव्हा आभाळ भरून आलेले असते. उन्हाळ्यातली वीज पावसाळ्यात वापरायची तर ती साठवणारी बॅटरी कोणत्याही शाळेला परवडणार नाही. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, मात्र हे काम करू शकतो. सुट्टीत तयार झालेली वीज वीज कंपनीच्या वाहिनीत जाते, तिचे युनिट शाळेच्या खात्यावर जमा होतात आणि पुढच्या महिन्यांच्या बिलातून वजा होत राहतात. हा हिशेब आर्थिक वर्षअखेर मिटतो आणि उरलेल्या युनिटना मिळणारा दर बराच कमी असतो. त्यामुळे संच मार्चपूर्वी सुरू झाला, तर एप्रिल-मेची सगळी वीज त्याच शैक्षणिक वर्षाच्या कामी येते. ‘मार्च एंड’ला साहित्य छतावर चढवून मीटरचा अर्ज जुलैत करणाऱ्या शाळेचा पहिला उन्हाळा फुकट जातो.

संचाचा आकारही बिल पाहून ठरवावा. आठ पंखे, दहा ट्यूब, एक टीव्ही आणि पाण्याची अर्ध्या अश्वशक्तीची मोटार असलेल्या शाळेला दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज लागते. एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने रोज तेवढी वीज देतो आणि त्याला साधारण 100 चौरस फूट सावलीविरहित जागा पुरते. सुट्टीतली वीज जमेस धरली, तर अशा शाळेला एक किलोवॅट पुरून उरतो. लहान शाळांवर सरसकट मोठे संच बसवण्यापेक्षा त्याच पैशात शेजारच्या दोन शाळा उजळतील. केंद्र सरकारच्या 2024 च्या ‘सूर्यघर’ योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी असल्याने शाळांसाठी जिल्हा परिषदेने आपल्या अंदाजपत्रकातच वेगळी तरतूद करावी लागेल.

आणखी एक गोष्ट गावकऱ्यांना आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. वाहिनीशी जोडलेला संच वीज गेल्यावर आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आवश्यकच आहे, पण त्याचा अर्थ असा की थकबाकीमुळे शाळेची जोडणी तोडली गेली, तर भर उन्हातही छतावरून एक युनिट मिळणार नाही. माझ्या सेवाकाळात आमची जोडणी एकदा पाच महिने तोडलेली होती आणि शेवटी आम्ही लोकवर्गणीतून बिल भरले. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारे संयुक्त अनुदान वर्षाला 10,000 रुपये असते. खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल हे सारे त्यातच भागवायचे. म्हणून थकबाकी आधी मिटवावी आणि पॅनेल त्यानंतरच चढवावेत. संच बसल्यावरही स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी बिलात येणारी ठरावीक रक्कम, भरावाच लागतो, त्यामुळे बिल शून्यावर येईल असे आश्वासन कोणी देऊ नये.

छताविषयी बांधकाम विभागाने काटेकोर राहावे. गळक्या स्लॅबला भोके पाडून सांगाडा ठोकला की पहिल्याच पावसात पाणी वर्गात येते. धूळ पुसण्यासाठी छतावर नळ, कठडा आणि पक्का जिना हवा. या कामासाठी मुलांना वर पाठवणे कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. शिक्षकांवरही हा भार टाकू नये. देखभालीचा किमान पाच वर्षांचा करार निविदेतच असावा आणि दर तिमाहीला केलेल्या कामाचा शेरा शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीने नोंदवल्याशिवाय पुरवठादाराचे देयक निघू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ज्यांची मुले त्या पंख्याखाली बसतात, त्यांच्याइतके लक्ष दुसरे कोण ठेवणार?

शेजारच्या गावातील एका शाळेत सातवीची मुले दररोज दुपारी मीटरचा आकडा वाचतात आणि पट-उपस्थितीच्या फळ्यावर खाली ‘आजचे युनिट’ लिहितात. मागच्या पावसाळ्यात आकडा सलग चार दिवस दीडवर अडकला, तेव्हा पॅनेलवर पडलेली लिंबाची फांदी त्या मुलांमुळेच लक्षात आली.

येत्या एप्रिलपूर्वी संच सुरू व्हायचे असतील, तर जिल्हा परिषदांनी शाळांची थकबाकी, छतांची स्थिती आणि गेल्या 12 महिन्यांची बिले यांची माहिती दिवाळीच्या सुट्टीआधी केंद्रप्रमुखांमार्फत मागवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक